एल्विसपासून दोन हातांवर

खिशातला मोबाइल काढून ठेवा. मनगटावरचं ते पावलं मोजणारं यंत्रही. कपड्यांचं मी बघतो. पुरुषांना अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट, बायकांना गुडघ्याच्या वरच थांबणारा बिनबाह्यांचा फ्रॉक. डोक्याला तेल अजिबात नको. स्प्रे मात्र हवा, आणि तो शिंका येईपर्यंत मारायचा. झालं? मग डोळे मिटा. आता उघडा.

चुरचुरतायत ना? चोळू नका, आणखी झोंबतील. लॉस एंजेलिसचं हे धुरकं आहे. १९६८च्या जून महिन्यात इथले सगळे लोक असेच लाल डोळ्यांनी हिंडतात आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तुम्ही बरबँक नावाच्या गावात आहात. ऊन उतरायला लागलंय, पण डांबरातून वाफ अजून वर येतेय आणि बुटांच्या तळव्यांना ती जाणवते. समोर बॉब्ज बिग बॉय ही खाणावळ. दारात चौकड्यांच्या कपड्यांतला, गोबऱ्या गालांचा एक पुतळा हातात बर्गर धरून उभा आहे. आवारात लांबच लांब गाड्या लागल्या आहेत आणि त्यांच्या क्रोमवरून ऊन थेट डोळ्यांत घुसतंय. वेट्रेस पोरी ट्रे घेऊन गाड्यांपाशी धावतात, ट्रे खिडकीच्या काचेला अडकवतात आणि परत पळतात. तव्यावर कांदा करपतोय. त्या वासात पेट्रोलचा, सिगारेटचा आणि कुणाच्या तरी गोडसर अत्तराचा वास मिसळलाय. तुमच्यापुढे दुमजली बर्गर आला आहे. मधोमध आणखी एक पाव असल्यामुळे तोंड किती उघडायचं याचा हिशेब तुम्ही करताय.

तेवढ्यात घामाघूम झालेला एक पोरगा टेबलांमधून वाट काढत येतो आणि विचारतो, एल्विस प्रेस्लीला बघायचंय का? आत्ता, इथून जवळच, फुकट!

तुम्ही उडालात. शेजारच्या टेबलावरची सोळा वर्षांची मुलगी मात्र स्ट्रॉ चावत बसून राहते. एल्विस? तो तिच्या मोठ्या बहिणीचा. हिच्या खोलीच्या भिंतीवर बीटल्स आहेत. एल्विस आता ३३ वर्षांचा आहे, लग्न झालेला आहे, फेब्रुवारीत त्याला मुलगी झाली आहे. गेली कित्येक वर्षं तो एकामागून एक सिनेमे करतोय. त्यांत तो समुद्रकिनाऱ्यावर गातो, मोटारींच्या शर्यतीत गातो, आणि शेवटी नायिका मिळाली की पुन्हा गातो. खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांपुढे उभा राहून गायला त्याला सात वर्षं होऊन गेली. आपल्याकडे या काळात शम्मी कपूरला लोक भारताचा एल्विस म्हणतात. इथल्या या पोरीला मात्र खुद्द एल्विसही जुना वाटतो. पण फुकट ते फुकट. ती उठते. तुम्हीही उठा. बर्गर राहू दे.

फुकट माणसं गोळा करायची वेळ का आली, ते चालता चालता सांगतो. एल्विसचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर. तिकिटं त्याच्या ताब्यात होती. प्रेक्षक मी आणतो, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात कार्यक्रमाची वेळ झाली तरी फाटकाशी पुरेशी माणसं नाहीत. म्हणून स्टुडिओतल्या मंडळींची धावाधाव सुरू आहे. कुणी रेडिओवरून आवाहन करवून घेतंय, कुणी खाणावळीत शिरून जेवणाऱ्यांना उठवतंय. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गायकाचा कार्यक्रम, आणि खुर्च्या भरायला ताटावरून माणसं उठवावी लागतायत. हे त्याच्या कानावर गेलं नसेल, अशी आशा करू या.

एनबीसी या टीव्ही वाहिनीचा स्टुडिओ आला. बाहेरून कारखान्यासारखा, बिनखिडक्यांचा, कंटाळवाणा. आत पाऊल टाकलंत आणि कुडकुडलात ना? दिव्यांच्या उष्णतेला पुरून उरावा म्हणून एसी असा ठेवलाय की हाडं वाजावीत. बाहेर घामानं भिजलेला शर्ट आता पाठीला गार चिकटतो. पायांखाली मनगटाएवढ्या जाड रबरी केबली पसरल्या आहेत. त्या ओलांडताना खाली बघा, इथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी धडपडतं. नाकाला ताज्या रंगाचा वास येतोय, आणि वर तापलेल्या दिव्यांवर जळणाऱ्या धुळीचाही.

आणि तो बघा मंच! मुष्टियुद्धाच्या रिंगणाएवढा एक चौकोन, पांढरा, कडेनं लाल. दोर नाहीत. चारही बाजूंनी प्रेक्षकांसाठी पायऱ्या. पडदा नाही, विंग नाही, गायकाला लपायला जागाच नाही. स्टुडिओतला एक माणूस प्रेक्षकांवरून नजर फिरवत येतो आणि पोरींना निवडून निवडून पुढे, मंचाच्या अगदी कडेला नेऊन बसवतो. आपली ती स्ट्रॉवाली पोरगी पहिल्या फटक्यात पुढे गेली. तुम्हाला निवडलं नाही म्हणून तोंड पाडू नका. मी तुम्हाला तिच्या मागोमाग घुसवतो. काळ ओलांडून आलेल्या माणसाला एवढी सवलत असतेच.

बसा. गुडघे पोटाशी घ्या, जागा नाही. उजव्या बाजूच्या बाईंचा फुगवलेला केशसंभार तुमच्या कानाला टोचतोय आणि त्यातला स्प्रे तुमच्या घशात उतरतोय. समोर कपाटाएवढा रंगीत कॅमेरा चाकांवर सरकत येतो. त्यामागचा माणूस कानांवर हेडफोन चढवून कुणाचं तरी ऐकतोय आणि तुमच्याकडे एखाद्या खांबाकडे बघावं तसं बघतोय. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की तुम्ही टीव्हीवर. तोंड मिटा.

अजून तो आलेला नाही. तोवर तुम्हाला भिंतीपलीकडचं सांगतो, कारण ते इथल्या कुणालाच माहीत नाही. पलीकडे मेकअपच्या खोलीत एल्विस खुर्चीत बसून आहे आणि दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडरला सांगतोय की मला बाहेर जाता येणार नाही, डोकं पार कोरं झालंय. बाइंडर त्याला समजावतोय. नुसता जाऊन बस, काही सुचलंच नाही तर लोकांना नमस्कार कर आणि परत ये.

हा बाइंडर पोरगेला माणूस आहे, पण खमका. कर्नलसाहेबांना हवा होता नाताळचा सोज्वळ कार्यक्रम. एल्विसनं यावं, नाताळची गाणी म्हणावीत, शुभेच्छा द्याव्यात आणि जावं. पैसे सिंगर कंपनीचे. होय, तीच शिलाई मशीनवाली, जिचं यंत्र तुमच्या आजीच्या घरी खिडकीखाली होतं. बाइंडरला मात्र खरा एल्विस हवा होता. लोक आता तुझ्याकडे कसे बघतात हे दाखवायला त्यानं एल्विसला आपल्या ऑफिसखालच्या सनसेट बुलेव्हार्डवर, भर रस्त्यात नेऊन उभं केलं. दोघं थांबले. माणसं येत होती, जात होती. कुणी थबकलं नाही, कुणी किंचाळलं नाही.

आजचा हा मंचही त्याच हट्टातून आलाय. तालमीच्या दिवसांत एल्विसनं स्टुडिओतल्या ड्रेसिंग रूममध्येच मुक्काम ठोकला होता. दिवसभराचं काम संपलं की रात्री मित्रांबरोबर तिथे गिटार, जुनी गाणी, थट्टामस्करी. बाइंडरनं दाराशी उभं राहून ते ऐकलं आणि ठरवलं की हेच चित्रित करायचं. कर्नलनं त्या खोलीत कॅमेरा न्यायला साफ नकार दिला. मग बाइंडरनं ती खोलीच बाहेर आणली. तुम्ही आत्ता जिच्या उंबऱ्यावर बसलात, ती ही खोली.

किंकाळी! कान झाका. नको, राहू दे, ऐका.

तो आला. आधी कानांना कळतं, मग डोळ्यांना. डोक्यापासून पायापर्यंत काळं कातडं. वेशभूषाकार बिल बेल्यूनं आखलेला हा पोशाख, डेनिमच्या जाकिटाच्या बेतावर, पण पूर्ण चामड्याचा, उंच कॉलरचा. तो तुमच्या अगदी समोरून जातो आणि चामड्याची करकर तुम्हाला स्पष्ट ऐकू येते. नव्या चामड्याचा वास. रंगानं काळे केलेले केस निळसर चकाकतायत. सिनेमाच्या पडद्यावर ज्याचा चेहरा तुम्ही घराएवढा बघितलात, तो तुमच्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसतोय, आणि माणसाच्या मापाचा आहे. याचंच आधी नवल वाटतं.

आता हात बघा. माइककडे जातोय तो हात. थरथरतोय. घरी बसून बघणाऱ्याला कदाचित दिसणार नाही, तुम्हाला दिसतंय. शेजारच्या बाई ओरडतायत, रडतायत, त्यांना काही दिसत नाहीये. तुम्ही मात्र बघितलंत: हा माणूस घाबरलेला आहे.

त्याच्याभोवती खुर्च्या मांडून बसलेत ते मित्र. स्कॉटी मूर, गिटारवर. पहिल्या रेकॉर्डपासून हा त्याच्यासोबत होता. डी. जे. फोंटाना, खरं तर ड्रमवाला, पण आज ड्रमच नाहीत. मांडीवर गिटारची रिकामी पेटी घेऊन तो तिच्यावरच काठ्या बडवतोय. चार्ली हॉज, ॲलन फोर्टास, आणि मंचाच्या कडेला खंजिरी घेऊन लान्स लगॉल्ट. जुन्या चमूतला बेसवाला बिल ब्लॅक १९६५मध्येच वारला. एवढंच बिऱ्हाड. ऑर्केस्ट्रा नाही, नर्तिका नाहीत, कागदी बर्फ नाही.

पहिलं गाणं थोडं चाचपडत जातं. दुसऱ्याला आवाज मोकळा होतो. मग काय होतं ते तुम्हाला मराठी माणूस म्हणून पटकन कळेल, कारण ही आपल्याकडची घरगुती गाण्याची बैठकच आहे. गुडघ्याला गुडघा लागलेला, गाता गाता मध्येच कुणी काहीतरी बोलतंय, एक गाणं अर्ध्यात सोडून दुसरं उचललं जातंय, साथीदार मान डोलावून हुंकार देतायत आणि समोरच्या दादेनं गाणाऱ्याला चेव चढतोय. फरक इतकाच की इथली दाद किंचाळून देतात आणि तुम्ही आत्ता स्वतःच किंचाळलात. होय, तुम्हीच. लाजू नका, कॅमेरा दुसरीकडे होता.

आता एसी हरलाय. एवढे दिवे, एवढी माणसं आणि त्यात चामडं. त्याच्या कपाळावरून घाम निघतो, गालावरून हनुवटीशी येतो, आणि गाण्याच्या ठोक्यावर त्यानं मान झटकली की थेंब उडतो. कुठे पडला ते शोधू नका, त्यावरून तुमच्या पुढच्या दोघींत आधीच जुंपली आहे. तो स्कॉटीकडून त्याची मोठी इलेक्ट्रिक गिटार मागून घेतो आणि सुरावट चिडून उठल्यासारखी धारदार होते. तिचा ठणका लाकडी पायऱ्यांतून तुमच्या मांड्यांपर्यंत पोहोचतो. त्याला आता बसवत नाही. उठायचंय, पण गिटारला पट्टा नाही. पट्टा आहे का कुणाकडे, म्हणून तो इकडे तिकडे बघतो. नाही. मग खुर्चीवर एक पाय टाकून, गिटार मांडीवर पेलून तो उभ्यानंच गातो आणि चार्ली त्याच्या तोंडापाशी माइक धरून राहतो. लाखो डॉलरचा कार्यक्रम, पण अडलाय एका पट्ट्यावाचून. कुणी ठरवून हे बसवलं असतं तर इतकं झकास जमलं नसतं.

मधेच त्यानं एक नाताळचं गाणं घेतलं. बाहेर जूनचं ऊन, आत भट्टी, आणि हा विरहाचा नाताळ गातोय. भिंतीपलीकडे कर्नलसाहेबांच्या जिवाला तेवढीच शांती. नाताळच्या आख्ख्या कार्यक्रमातून हे एवढंच उरलं.

संपलं? तासाभराची विश्रांती. सगळे बाहेर जाऊन घटाघटा पाणी पितायत, दारापाशी सिगारेटी शिलगावतायत. कुणाचा आवाज बसलाय, कुणाच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलंय. आपली स्ट्रॉवाली पोरगी भिंतीला टेकून बसली आहे आणि बीटल्सबद्दल आता काही बोलत नाही. ८ वाजता दुसरा खेळ आहे, नव्या प्रेक्षकांसाठी. तुम्हाला मी मागच्या दारानं पुन्हा आत घुसवतो, कारण हे बघायलाच हवं.

तोच मंच, तीच मंडळी, अजून नीट न वाळलेलं तेच चामडं. माणूस मात्र दुसरा. आता त्याला लोकांच्या डोळ्यांत बघवतंय. तो स्वतःच्या त्या वाकड्या ओठाची चेष्टा करतो, मित्रांच्या टपल्या खातो. मग एक जुनी हकीकत निघते. फ्लोरिडात एकदा त्याच्या हलण्याडुलण्यावर बंदी घातली होती आणि तो हलतो का हे टिपायला पोलीस कॅमेरा घेऊन आले होते. मग त्या रात्री त्यानं काय हलवलं? करंगळी. सांगता सांगता तो करंगळी हलवून दाखवतो, आणि एवढ्याशा त्या करंगळीवर आख्खा स्टुडिओ कोसळतो. तुमच्याही घशातून आवाज फुटला. पुन्हा.

आता हात बघा. थरथर गेली.

पुढच्या दोनतीन दिवसांचं मी तुम्हाला धावतं दर्शन घडवतो. त्याच चामड्यात, त्याच रिंगणात, पण आता उभ्यानं आणि पूर्ण ऑर्केस्ट्रासह आणखी दोन खेळ होतात. ते धडाक्याचे आहेत, पण तुम्ही लाडावलात, मांडीला मांडी लावून ऐकलेल्याची सर तुम्हाला त्यात वाटत नाही. मग कार्यक्रमाचा भपकेदार भाग: उंच चौकटींवर रांगेनं उभे केलेले कित्येक गिटारवाले, अंधारात नुसत्या आकृत्या, मागे लाल उजेड. जत्रेचा देखावा, लुटुपुटूची मारामारी, भक्तिगीतांवर नाचणारा ताफा, पाठीशी ब्लॉसम्स या चमूच्या तिघी गायिका. प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा, दिवे हलवून, घाम टिपून, पुन्हा एकदा. या भागात कंटाळा येतो आणि यायलाच हवा. टीव्हीवरचं झगमगतं मिनिट तयार होताना तासन् तास नुसतं उभं राहावं लागतं. शेवटी तो पांढऱ्या सुटात येतो. मागे लाल दिव्यांनी लिहिलेलं त्याचं नाव, माणसाहून उंच. स्वप्नांबद्दलचं एक नवंकोरं गाणं तो गातो. संगीतविभागातल्या अर्ल ब्राउन यांनी ते खास याच शेवटासाठी लिहिलंय. गाताना त्याचा हात हवेत असा फिरतो की तो आता कॅमेऱ्यासाठी गातोय असं वाटतच नाही.

डोळे मिटा. थोडं पुढे सरकतोय. स्वेटर घाला.

३ डिसेंबर, मंगळवार. ओहायोमधल्या एका घराची बैठकीची खोली. काचेबाहेर बर्फ, आत हीटरची कोरडी ऊब. ॲल्युमिनियमच्या कप्प्याकप्प्यांच्या ताटलीत टर्की, मटार आणि कुस्करलेला बटाटा, म्हणजे ओव्हनमध्ये गरम केलेलं आयतं जेवण, मांडीवर घेऊन सगळे बसलेत. बटाटा कडेला जिभेला पोळतो आणि मधे अजून गोठलेला आहे. भिंतीशी लाकडी कपाटातला रंगीत टीव्ही. घरातले बाबा त्याच्यापुढे गुडघे टेकून कान पिळतायत, कारण वृत्तनिवेदकाचा चेहरा हिरवा दिसतोय. डावीकडे पिळला की नारिंगी, उजवीकडे पिळला की पुन्हा हिरवा. माणसाच्या रंगाचा माणूस या डब्यातून क्वचितच बाहेर पडतो. मोठी वाहिनी म्हणावी अशा तीनच. हुकलं तर हुकलं, टिपून ठेवायला घरात काही नाही. म्हणून लघुशंकेची वेळ जाहिरातींवर बेतायची. जाहिराती अर्थात शिलाई मशीनच्या. आपल्या मुंबईत तर अजून टीव्ही यायचाच आहे, त्याला १९७२ उजाडेल. तेव्हा बघून घ्या.

९ वाजले. त्याचा चेहरा पडद्यावर येतो आणि बाबांनी कान पिळायचं सोडून दिलं. नाव झळकतं ते सिंगर कंपनीचं आणि मग त्याचं. पुनरागमन वगैरे शब्द लोक नंतर चिकटवतील, आज कुणाच्या तोंडी ते नाहीत. आणि मग ते रिंगण. तुम्ही पडद्याकडे झेपावता. तो कोपऱ्यात दिसतोय तो ढोपराचा तुकडा तुमचाच! दीड सेकंद. गेला. तुमच्या किंकाळ्या मात्र आहेत, बाकीच्यांत मिसळून. त्या कापता आल्या नाहीत.

घरातली मावशी, पस्तिशीची, हातातला काटा बटाट्यात रुतवून तशीच बसली आहे. डोळे पडद्यावर. कॅमेरा आता त्याच्या इतका जवळ गेलाय की घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर थांबलेला दिसतो, तुम्ही होतात त्याहूनही जवळ. तुम्ही सांगून बघा की मी तिथे होतो, दोन हातांवर. ती मान न वळवता सांगेल, गप्प बस, तो माझ्याकडे बघतोय. वाद घालू नका. आज रात्री अमेरिकेतल्या हजारो घरांतून असंच कुणीतरी कुणालातरी गप्प करतंय.

आता परत निघायचं का? की आणखी एक थांबा घ्यायचाय? बरं. पुढच्या वर्षी ३१ जुलैला तो लास व्हेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात खऱ्या लोकांपुढे उभा राहणार आहे. सभागृह सुमारे २००० माणसांचं, मंचावर वादकांचा आणि गायकांचा जंगी ताफा. त्या रात्रीही तो आत पाऊल टाकण्याआधी घाबरलेला असेल. पण तिथे तुमची खुर्ची बरीच मागे असणार, आणि तिथून ते तुम्हाला कळायचं नाही.